चुलत घोडी

मागच्या आठवड्यात तुम्ही दोघांनी पाठवलेला फोटो मी छापून घेतला आहे. तुमच्या गावच्या लायब्ररीत काचेमागे लावलेलं जुन्या वर्तमानपत्राचं पान, वसाहत नवी होती तेव्हाचं. कोपऱ्यात घोड्याचं चित्र आणि खाली बारीक अक्षरांत मजकूर: हा वळू घोडा या हंगामात घोड्या फळवण्यासाठी जिल्ह्यात फिरेल, सोमवारी अमक्या खानावळीच्या अंगणात, बुधवारी नदीच्या उतारापाशी, शनिवारी परत घरी. फोटोखाली थोरलीने लिहिलं होतं, "आजी, बाबा म्हणतात हे काम तूसुद्धा केलंयस. खरं का?"

खरं आहे. एकच हंगाम केलं आणि त्यात एक मोठी चूक केली. क्रमाने सांगते, कारण मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने सांगता येत नाही.

आधी त्या जाहिरातीबद्दल. तुमच्या दक्षिण बेटावर गोऱ्या लोकांनी शेतं वसवली तेव्हा नांगराला आणि ओंडके ओढायला त्यांना दणकट जनावर हवं होतं. ती जमीन माओरी लोकांकडून कशी घेतली हे तुम्हाला शाळेत शिकवतात, ते नीट शिका. त्यावर लिहायला मी योग्य माणूस नाही. घोडे मात्र आमच्या इथून गेले. ग्लासगोच्या दक्षिणेला जे नदीचं खोरं आहे, तिथली ही क्लाइड्सडेल जात. गुडघ्याखाली पांढरे लांब केस आणि जेवणाच्या ताटाएवढे खूर. इतक्या मोठ्या जनावराचं पाऊल इतकं हलकं पडतं की बघणाऱ्याला आश्चर्य वाटतं.

आम्ही याच खोऱ्यात राहायला आलो ते निवृत्त झाल्यावर. मी ग्लासगोच्या एका हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं मेडिकल रेकॉर्ड्सचा विभाग सांभाळला. तुमचे आजोबा भूल देणारे डॉक्टर. शहराबाहेर लहान घर घेतलं, मागे कुंपण, आणि कुंपणापलीकडे एका शेतकऱ्याचं शेत. शेजारी तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते, विधुर, फार न बोलणारे. त्यांच्या दगडी तबेल्यात एक वळू होता. तपकिरी अंग, कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा. त्याचं कागदावरचं नाव ओळभर लांब होतं. ते नाव सोडून शेजारी त्याला काहीही म्हणत.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आले. एका हातात काठी, काखेत बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. डब्यात घोड्याचे सगळे कागद होते. डबा टेबलावर ठेवून ते बसले आणि त्यांनी चहा संपवला. मग एकदम सगळं सांगितलं. खुब्याच्या ऑपरेशनसाठी त्यांचं नाव रांगेत होतं. गेल्या हंगामात घोड्याकडे एकच घोडी आली, त्याआधी दोन. आताशा ज्यांच्याकडे असे घोडे उरलेत ते कुठल्याशा मोठ्या पागेतून थंड डब्यातलं वीर्य कुरियरने मागवतात. इकडे वळू चिडचिडा झाला होता, लाथा मारून त्याने तबेल्याच्या दोन फळ्या तोडल्या होत्या. घोड्या येत नसताना वळूला वळू म्हणून ठेवणं हा त्याच्यावरच जुलूम आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांकडून मे महिन्याचा शेवटचा गुरुवार घेऊन ठेवला होता. तोवर फळवायला सहा घोड्यांची नावं आली तर ठीक. नाही आली तर घोडा खच्ची करायचा. मग तो शांत होईल आणि त्याला गाडीला जुंपायला कुणीतरी घेऊन जाईल.

खच्ची म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, तुम्ही गुरांच्या गावात वाढताय. पण एक गोष्ट सांगायला हवी. त्या तबेल्यात त्यांच्या वडिलांचा वळू होता, आजोबांचाही होता. हा गेला की पुढे कुणी नाही. हे वाक्य ते खिडकीकडे बघून बोलले.

"तुम्ही कागद चांगले लिहिता," शेवटी म्हणाले. "एक कार्ड लिहून द्याल?"

या कार्डाची इथे जुनी रीत आहे. प्रत्येक वळूचं एक घडीचं छोटं कार्ड असे. घोड्याला दोरीने धरून माणूस सहा दिवस शेतोशेती पायी फिरे, जिथे रात्र होईल तिथे गवतावर झोपे, आणि कार्ड वाटत जाई. डब्यात त्यांच्या आजोबांची तशी तीन कार्डं होती, कोपरे झिजून गोल झालेली. तुम्ही पाठवलेल्या जाहिरातीतली वाक्यं आणि त्या कार्डांवरची वाक्यं जवळजवळ एकच आहेत. त्यांच्या आजोबांचा एक भाऊ असाच एक घोडा जहाजातून तुमच्या बाजूला घेऊन गेला होता. भाऊही परत आला नाही, घोडाही नाही. एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मी काम घेतलं. मला वाटलं, यात अवघड ते काय? पुण्यात माझ्या दोन धाकट्या बहिणींची लग्नं मी जमवली आहेत. आलेल्या स्थळांची वही माझ्याच अक्षरात होती, आणि मुलींची माहिती लिहून पाठवणारीही मीच. तेव्हा दोन दिवसांत कार्ड तयार झालं. देखणा, उत्तम घराण्यातला, शांत आणि समजूतदार स्वभावाचा, असं सगळं नीट इंग्रजीत.

तुमच्या आजोबांनी ते चष्मा लावून वाचलं. "अगं, नोकरी कुठे आहे ते राहिलं," ते म्हणाले. "आणि निर्व्यसनी घाल."

"तुम्ही चहा घ्या," मी म्हटलं.

शेजाऱ्यांनी मात्र पेन्सिल मागून एकेक विशेषण खोडलं. देखणा आहे की नाही ते लोक येऊन बघतील. कार्डावर उंची, वय, रंग, बाप, बापाचा बाप, आईचा बाप आणि आजवर झालेली शिंगरं, बस. आणि एक ओळ वाढवायला सांगितली: उघडी छत्री बघून बुजतो. मी म्हटलं, जाहिरातीत आपला दोष आपणच कोण लिहितं? आमच्या स्थळांच्या वहीत मुलाचा अधू डोळा साखरपुड्यानंतर कळायचा. त्यावर ते म्हणाले, ही ओळ नसेल तर कुणाच्या तरी बरगड्या मोडतील, आणि मग कार्डावरचं बाकीचंही कुणी खरं मानणार नाही. ओळ घातली.

कार्डं आम्ही चाऱ्याच्या दुकानात ठेवली, जनावरांच्या दवाखान्यात ठेवली, घोडेवाल्यांच्या पत्रिकेतही एक छोटा चौकोन टाकला. फोन नंबर माझा. मी एक वही आखली. घोडीचं नाव, वय, बाप, आई, आधीची शिंगरं, संसर्ग नसल्याचा तपासणीचा दाखला आणि यायची तारीख. दाखला हाती आल्याशिवाय एकाही घोडीला आत घ्यायचं नाही, हा शेजाऱ्यांचा नियम होता आणि तो मला फार आवडला. लोक फोनवर विचारत ते प्रश्नही मला हळूहळू येऊ लागले. चावतो का? खूर कसे आहेत? शिंगरं उभी कशी राहतात? जे ठाऊक नसे ते मी कुंपणापाशी जाऊन विचारून येई.

एप्रिलच्या मध्यापर्यंत वहीत तीन नावं झाली. एक दूधवाल्या जोडप्याची घोडी, एक निवृत्त शिक्षिकेची, एक जंगलात ओंडके ओढण्याचं काम करणाऱ्या माणसाची. दर शुक्रवारी शेजारी येत, वहीवर बोट ठेवून एकेक ओळ वाचत आणि काही न बोलता जात. मला ते जाणं समाधानाचं वाटे. मी मनात हिशेब केला होता की मेच्या पहिल्या आठवड्यात सहा होतील.

मग एक ईमेल आली. डोंगरापलीकडच्या एका बाईंची. तीन ओळी: घोडीचे कागद जोडले आहेत, मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवीन म्हणते, कळवावे. कोण बाई, मला ठाऊक नव्हतं. नेहमीप्रमाणे मी एका कोऱ्या कागदावर वंशावळ मांडली. डावीकडे आपला घोडा, उजवीकडे घोडी. दाखला होता, वय योग्य होतं, शिंगरं दोन, दोन्ही निरोगी. आणि घोड्याच्या बापाचा बाप व घोडीच्या बापाचा बाप, एकच.

एका आजोबाची नातवंडं. बापाकडून. म्हणजे चुलत भाऊबहीण.

तुम्ही तिकडे वाढलात, तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. पण मी ज्या घरात वाढले तिथे चुलत भाऊ म्हणजे भाऊच. एका आडनावाचा, एका कुळाचा. मामाची मुलगी असती तर मी पुढे विचारही केला नसता, आपल्याकडे ते चालत आलं आहे, माझ्या आजीचं आणि आजोबांचं तेच नातं होतं. चुलत मात्र नाही. शिवाय हॉस्पिटलात जवळच्या नात्यातल्या मुलांच्या फायली मी पाहिल्या होत्या, तेही डोक्यात असणार. काही असो, मला शंका आली नाही. मी बसले आणि पत्र लिहिलं. आपली घोडी उत्तम आहे, परंतु दोघांचं रक्ताचं नातं फार जवळचं असल्याने हा संबंध आम्हाला योग्य वाटत नाही. आपल्या घोडीला अनुरूप जोडीदार मिळो. चांगलं पत्र होतं ते. प्रत फाइलला लावली. आजोबा त्या दिवशी त्यांच्या चालण्याच्या ग्रुपबरोबर बाहेर गेले होते आणि शुक्रवार यायला अजून तीन दिवस होते. शुक्रवारी शेजारी आले तेव्हा वहीत नवीन नाव नव्हतं, म्हणून सांगण्यासारखंही काही नाही असं मी धरलं.

पुढच्या आठवड्यात शिक्षिकाबाईंचा फोन आला. या वर्षी राहू दे म्हणतेय. दुसऱ्या दिवशी ओंडकेवाल्याचा. त्याचंही तेच, आणि तोही तितक्याच गोड आवाजात. कारण कुणी सांगेना.

तिसऱ्या दिवशी शेजारी आले. शुक्रवार नव्हता. ते दारातच उभे राहिले, बूट काढले नाहीत. चाऱ्याच्या दुकानात त्यांना कळलं होतं.

"तिची घोडी तुम्ही परत पाठवली?"

मी फाइल आणली. वंशावळीचा कागद त्यांच्यासमोर धरला, दोन्हीकडच्या एकाच नावाखाली मी लाल रेघ ओढली होती ती दाखवली. अगदी खात्रीने दाखवली, तेही सांगून टाकते. ते त्या नावाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, हा घोडा मी पाहिलेला आहे, जत्रेत, त्याच्यासारखे पाय पुन्हा झाले नाहीत. ते रक्त दोन्ही बाजूंनी एकत्र यावं म्हणून त्या बाई कित्येक वर्षं वळू शोधत होत्या. या धंद्यात चांगला पूर्वज असा मुद्दाम दोनदा आणतात. तसा वळू या खोऱ्यात आता एकच होता, आमच्या कुंपणापलीकडे. आणि त्या बाई आपली घोडी कुठे नेतात ते बघून अर्धं खोरं आपली ठरवतं. त्यांना नाही म्हटलं म्हणजे घोड्यातच काहीतरी असणार, असं लोकांनी धरलं.

"मला एकदा विचारलं असतंत," ते म्हणाले, आणि थांबले. "असो. तुम्ही पुष्कळ केलंत. आता राहू दे."

शेल्फवरचा डबा त्यांनी उचलला आणि घेऊन गेले.

सत्तावीस वर्षांत मोठमोठ्या डॉक्टरांनी माझ्याशी वाद घातले होते, पण माझ्या हातून फाइल कुणी काढून घेतली नव्हती. मी भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. आजोबा टेबलाशी पेपर वाचत होते, म्हणजे वाचत नव्हते.

"माझं चुकलं का?" मी विचारलं.

"नात्याबद्दल मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण मी भूल देण्याआधी पेशंटची सही घ्यायचो. तू घेतली नाहीस."

थोड्या वेळाने ते उठले आणि गाडीची किल्ली शोधू लागले. "सकाळी लवकर निघू," म्हणाले. "त्या बाजूचे रस्ते अरुंद आहेत."

बाई माझ्याच वयाच्या निघाल्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात पाण्याचा पाइप, एका घोडीचे पाय धूत होत्या. आम्ही कोण ते मी सांगितलं. पाइप चालूच राहिला.

"माझ्या घोडीला त्याची बहीण ठरवली ती तुम्हीच का?"

"मीच."

"कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

मी म्हटलं, पुस्तकात नाही, आमच्या घरात तसं मानतात. आणि मग जे सांगायला गेले होते ते सांगितलं. घोडा माझा नाही. निर्णयही माझा नव्हता, तो मी न विचारता घेतला. मालकांना विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते, तेव्हा त्यांना यात दोष देऊ नका, आणि ते पत्र लिहिलंच नाही असं समजा. शेवटी मे महिन्याच्या गुरुवारबद्दलही सांगितलं.

त्यांनी नळ बंद केला. ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"किती म्हणालात? सहा?"

"सहा. आता एकच उरलीय."

बाई बराच वेळ पाइप गुंडाळत होत्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगते आहे, कारण त्या कोण हे तुम्हाला कधी कळणार नाही. पाच वर्षांपूर्वी त्यांनी हेच रक्त असं दोन बाजूंनी आणलं होतं. शिंगराचे पुढचे पाय वाकडे निघाले. ते उभं राहू शकलं नाही. याबद्दल त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. पुन्हा करून बघायचं म्हणून माझ्याकडे घोडीचे कागद पाठवले तेव्हाही मनात भीती होती, आणि नेमकी तीच भीती कुणा परक्या बाईने तीन सुबक परिच्छेदांत लिहून पाठवली.

"तुमचं पत्र मी जाळलं," त्या म्हणाल्या. "चुलत नाही म्हणता. आणि आईकडून?"

"मामाची मुलगी चालते. पुष्कळ घरांत मुद्दाम करतात."

"का?"

"माहितीतलं घर असतं."

त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. आजोबांकडे वळून त्यांनी विचारलं, तुमचं दोघांचं तसंच का? आजोबा म्हणाले, "छे. हिच्या घरची माहिती मला आधी असती तर मी आलोच नसतो." मग आम्हाला चहा मिळाला.

चहा घेता घेता बाईंनी खिडकीतून कुरणातली दुसरी एक घोडी दाखवली. काळीभोर, चारही पाय पांढरे. तिचा बाप वेगळा होता. "हिचा बाप आणि तुमच्या घोड्याची आई, एका पोटची," त्या म्हणाल्या. "आता सांगा, ही त्याची कोण?"

मला बोटं मोजायची गरज नव्हती, तरी मी मोजली. "मामाची मुलगी."

"चालेल?"

हो माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. "घोडा माझा नाही," मी म्हटलं. "त्यांना विचारून कळवते."

"विचारा. आणि सांगा, कागदावर नाही, मी आधी त्याला चालताना बघणार."

घरी आल्यावर मी कोट न काढता तशीच कुंपणापलीकडे गेले. शेजारी वळूच्या पाठीवर खरारा करत होते. मी सगळं सांगितलं. शिंगराचं सांगितलं नाही, ते माझं सांगायचं नव्हतं. त्यांनी हात थांबवला नाही. ती स्वतः म्हणाली का, एवढंच विचारलं. हो म्हटल्यावर घोड्याच्या मानेवरून हात फिरवून म्हणाले, "शुक्रवारी येऊ दे."

शुक्रवारी भुरभुर पाऊस होता. बाई गाडीतून छत्री उघडून उतरल्या, फाटकापाशी थांबल्या, छत्री मिटून परत गाडीत ठेवून आल्या आणि ओल्या केसांनी आत शिरल्या. त्यांनी कार्ड वाचलं होतं. ती ओळ नको म्हणून मी किती भांडले होते ते मला तेव्हा आठवलं आणि मी शेजाऱ्यांकडे बघायचं टाळलं.

शेजाऱ्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि दोरी हातात घेतली. आजोबांनी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी पाहून न पाहिल्यासारखा केला. तीस पावलं पलीकडे, वळण, तीस पावलं परत. माणूस लंगडत होता आणि त्याच्या शेजारी ते एवढं जनावर आपली चाल त्याच्या चालीशी जुळवून घेत होतं. बाई ओल्या फरशीवर उकिडव्या बसून मागचे पाय निरखत होत्या. आजोबा माझ्या कानाशी वाकून मराठीत म्हणाले, "कांदेपोहे राहिले." मी त्यांच्या पायावर पाय दिला.

घोडा थांबल्यावर शेजारी आपणहून म्हणाले, वळताना डावा मागचा पाय जरा बाहेर जातो, बापाचं आहे ते. बाई म्हणाल्या, दिसलं. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढून माझ्याकडे दिला. काळ्या घोडीच्या तपासणीचा दाखला. घरून निघतानाच घेतला होता. मी तारीख बघितली, शिक्का बघितला, आणि कागद शेजाऱ्यांपुढे धरला. त्यांनी मान हलवल्यावर वहीत नाव लिहिलं.

घोडी सोमवारी आली. पहिल्या दिवशी दोघांच्या मधल्या फाटकावर तिने अशी लाथ मारली की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आली. बुधवारी ती फाटकाशी शांत उभी राहिली, तेव्हा फाटक उघडलं. पुढचं तुम्ही तुमच्या गावी पाहिलेलं आहे.

बाईंची घोडी आली ही बातमी खोऱ्यात कशी पसरली मला माहीत नाही, मी कुणाला सांगितली नाही. शिक्षिकाबाईंचा फोन आला, ओंडकेवाल्याचाही. दोघांनीही आधीचा फोन झालाच नाही अशा सुरात बोलणं केलं आणि मीही तेच केलं. एक नवीन नावही आलं. दूधवाल्या जोडप्याची धरून पाच. सहाव्यासाठी मी पत्रिकेतून नंबर काढून काढून फोन केले. लोक चांगलं बोलले, पण कुणाची घोडी आधीच गाभण होती, कुणाची म्हातारी, कुणी विकून टाकली होती. डॉक्टर यायच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी मी वही घेऊन गेले.

"पाच," मी म्हटलं.

"मला मोजता येतं," ते म्हणाले, आणि वही मिटून परत दिली.

न बोलावता कुणाच्या अंगणात जायची माझी पद्धत नाही. गुरुवारी सकाळी जनावरांच्या डॉक्टरांची गाडी वळताना दिसली आणि मी गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने मागचं दार उघडून दोन पेट्या खाली ठेवल्या. तबेल्यात वळू गवत खात होता, पलीकडच्या खणात काळी घोडी. शेजारी मधे उभे होते, दोन्ही हात काठीवर. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला काही कळेना. डॉक्टर वळूच्या दाराकडे निघाली.

"आधी तिला," शेजारी म्हणाले. "स्कॅनचं यंत्र आणलंय ना?"

आणलं होतं. फळवून पंधरा दिवस झाले होते, म्हणजे दिसेल तर दिसेल असा काळ. पडदा हाताएवढा, करडा, त्यात नुसतं धुकं. हॉस्पिटलात मी असली हजारो चित्रं फायलींना लावली, पण ती उमटताना कधी पाहिली नव्हती. डॉक्टरने हात जरा फिरवला आणि धुक्यात बोराएवढा एक काळा गोल आला. स्वच्छ, कड असलेला.

"आहे," ती म्हणाली.

शेजारी वाकून बघत राहिले. तिने यंत्र पुसलं, हातमोजे काढले आणि जरा चाचरत विचारलं, मग दुसरं काम करायचं ना?

"या वर्षी नको," ते म्हणाले.

ती सामान आवरायला गाडीकडे गेली. मी न राहवून म्हटलं, "तुम्ही सहा म्हणाला होतात."

ते घोड्याच्या दाराची कडी लावत होते. ती नीट बसल्याची खात्री करून मग बोलले. "सहा होणार नाहीत असं वाटलं म्हणून सहा म्हटलं. दोन म्हटलं असतं आणि दोन आल्या असत्या, तर दोघींसाठी त्याला ठेवायचा की नाही ते मलाच ठरवावं लागलं असतं." काठी घेऊन ते दोन पावलं चालले आणि थांबले. "बाईंना फोन तुम्ही करा. तुमची मामाची मुलगी आहे."

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनवरून मी उभ्यानेच फोन केला. बाईंनी लगेच उचलला, जणू जवळच बसल्या होत्या. मी म्हटलं, घोडी गाभण आहे, एकच आहे, डॉक्टरांनी स्वच्छ दिसलं म्हणून सांगितलं. पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "आणि तो?"

"आहे तसाच आहे," मी सांगितलं.